जाणते हात : ऑस्टिओपॅथीची ओळख

श्रम करणाऱ्या माणसाला आपल्या पाठीला कणा आहे, याची जाणीव बहुधा तो दुखू लागल्यावरच होते. पाण्याची घागर उचलताना उसण भरते. रात्री वेडेवाकडे झोपल्याने मान अवघडते. दिवसभर शिलाईयंत्रावर वाकून काम केले की कंबर धरते. उसण, लचक, चमक, कळ, ठणका असे एकाच प्रकारच्या दुखण्याच्या वेगवेगळ्या छटा सांगणारे कितीतरी शब्द मराठीत आहेत. हे दुखणे आपल्या किती परिचयाचे आहे, हे त्यावरूनच कळते.

त्यावरचे उपायही तितकेच जुने आहेत. गरम विटेचा शेक, तिळाच्या तेलाची मालिश, गावातील हाडवैद्याकडे एखादी फेरी, हे आपण पाहिलेले असते. पायाळू माणसाने, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा माणसाने, पाठीला पाय लावला की उसण जाते, अशीही समजूत अनेक गावांत आढळते. ही समजूत शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. मात्र दुखऱ्या अंगाला दुसऱ्या माणसाचा स्पर्श हवासा वाटतो, एवढे सत्य तीत आहे.

या स्पर्शाला शरीररचनेच्या अभ्यासाची जोड देऊन जी उपचारपद्धती उभी राहिली, तिचे नाव ऑस्टिओपॅथी. ही पद्धती कशी जन्मली, तीत उपचार कसे करतात, तिचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

नाव आणि उगम

‘ऑस्टिओपॅथी’ हा शब्द हाड आणि व्यथा या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. ही पद्धती अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन वैद्याने सुरू केली. त्यांचा जन्म १८२८ साली झाला. १८६४ साली मस्तिष्कावरणदाहाच्या साथीत त्यांची तीन मुले दगावली. घरात वैद्य असूनही औषधांचा काही उपयोग झाला नाही. त्या काळी पाऱ्यासारखी विषारी द्रव्येही औषध म्हणून सर्रास दिली जात. या आघातानंतर प्रचलित औषधांवरील स्टिल यांचा विश्वास उडाला आणि ते मानवी सांगाड्याच्या अभ्यासाकडे वळले.

१८७४ साली त्यांनी आपले विचार मांडले. १८९२ साली मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल या गावी त्यांनी ऑस्टिओपॅथीचे पहिले विद्यालय काढले. त्या काळात स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण सहजासहजी मिळत नसे. या विद्यालयाच्या पहिल्याच तुकडीत मात्र स्त्रियांना प्रवेश देण्यात आला. पुढे १९१७ साली जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी लंडनमध्ये असेच विद्यालय स्थापन केले आणि ही पद्धती युरोपात पसरली. स्टिल यांचे निधनही त्याच वर्षी झाले.

हाडे जागेवरून सरकली की रक्ताच्या प्रवाहात अडथळा येतो आणि त्यातून बहुतेक रोग उद्भवतात, असे स्टिल मानत. जंतू, विषाणू, अनुवंश यांविषयीचे ज्ञान वाढत गेले, तसा हा सिद्धान्त मागे पडला. तरीही रोग्याच्या केवळ दुखऱ्या जागेकडे न पाहता त्याच्या संपूर्ण शरीराकडे पाहावे, हा त्यांचा आग्रह मोलाचा होता. ऑस्टिओपॅथीचे आजचे स्वरूप या आग्रहातून घडले आहे.

शरीराकडे पाहण्याची दृष्टी

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीच्या मागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असतात. त्यांच्या खाली त्रिकास्थी व माकडहाड ही जोडली गेलेल्या मणक्यांची हाडे असतात. लगतच्या बहुतेक मणक्यांमध्ये कूर्चेची लवचिक चकती असते. ती गादीसारखी हादरे सोसते. मणक्यांच्या पोकळीतून मेरुरज्जू जातो आणि त्याच्यापासून निघालेल्या नसा हातापायांपर्यंत पोहोचतात. म्हणूनच कमरेतील नस दबली, तर कळ पायाच्या बोटांपर्यंत जाऊ शकते.

ऑस्टिओपॅथीची मुख्य तत्त्वे तीन आहेत. शरीर हे सुट्या भागांची मोळी नसून एकसंध आहे, हे पहिले तत्त्व. शरीराची रचना आणि त्याचे कार्य परस्परांवर अवलंबून असतात, हे दुसरे. शरीराला स्वतःस सावरण्याची शक्ती असते आणि उपचाराने त्या शक्तीला वाट करून द्यायची असते, हे तिसरे. एका पायाला इजा झालेला माणूस काही दिवस लंगडतो. त्यामुळे दुसऱ्या पायावर, कमरेवर ताण येतो आणि काही काळाने पाय बरा होऊनही कंबर दुखत राहते. दुखते एकीकडे आणि कारण असते दुसरीकडे, याचे हे साधे उदाहरण होय.

मैलापूरचे उदाहरण

चेन्नई शहरातील मैलापूर ही वस्ती कपालीश्वराच्या मंदिरासाठी आणि त्याच्या तीर्थकुंडासाठी प्रसिद्ध आहे. मराठी माणसाला ही जागा परकी नाही. तंजावरच्या मराठी परंपरेतील मुत्सद्दी सर टी. माधवराव यांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथेच घालविली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या स्मरणार्थ विसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिलेले रानडे ग्रंथालयही येथेच आहे. दुखऱ्या अंगावर उपचार करणारे किती प्रकारचे हात एका नगरात एकत्र नांदू शकतात, हे पाहण्यासाठी मैलापूर आणि त्याच्या आसपासचा परिसर उपयुक्त आहे.

रानडे ग्रंथालयाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी १९०५ साली मैलापूरला वेंकटरमण आयुर्वेद दवाखाना सुरू केला. आयुर्वेदात अस्थिचिकित्सेची परंपरा फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. हाड ओढून सरळ करणे, दाबून जागेवर बसविणे आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्या लावून बांधणे, अशी उपचारांची रीतही तीत दिली आहे.

तमिळनाडूत सिद्ध वैद्यक ही आणखी एक जुनी परंपरा आहे. शरीरावरील मर्मस्थानांवर दाब देऊन करावयाचे ‘वर्मम्’ उपचार हा तिचाच एक भाग. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘धन्वंतरी महाल’ या संस्थेत देशी आणि युरोपीय वैद्यकाचा एकत्र अभ्यास घडवून आणला होता. एका पद्धतीचा अभिमान धरून दुसरीकडे पाठ फिरवू नये, हा धडा त्यांनी त्या काळी घालून दिला.

‘पुत्तूर कट्टु’ अशा पाट्याही चेन्नईत ठिकठिकाणी दिसतात. कट्टु म्हणजे बांधणे. आंध्र प्रदेशातील पुत्तूर गावाजवळच्या अस्थिवैद्यांची ही परंपरा आहे. वनस्पतींचा लेप, अंड्याचा पांढरा बलक, बांबूच्या कामट्या आणि कापडाच्या पट्ट्या वापरून ते मोडलेले हाड बांधतात. मैलापूरला लागून असलेल्या मंदवेली भागात टी. के. व्ही. देशिकाचार यांनी आपले वडील टी. कृष्णमाचार्य यांच्या नावाने १९७६ साली योगमंदिर स्थापन केले. प्रत्येक रोग्याची प्रकृती पाहून त्याला वेगळी आसने शिकवावीत, हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

यांच्या जोडीला आधुनिक रुग्णालयांतील अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. भारतात फिजिओथेरपीचे पद्धतशीर शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. या सर्वांच्या मानाने ऑस्टिओपॅथी आपल्याकडे नवी आहे. गेल्या काही वर्षांत चेन्नई, मुंबई, बंगळूर अशा शहरांत ती दिसू लागली आहे.

इतके मार्ग समोर असले की रोगी गोंधळतो. कोणी सांगेल त्या दारी जातो. म्हणूनच प्रत्येक पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची सीमा माहीत असणे आवश्यक ठरते.

उपचार कसे होतात

समजा, कपालीश्वर मंदिराजवळ फुले विकणारी एक स्त्री आहे. पहाटेपासून मांडी घालून, मान खाली घालून ती गजरे ओवते. गेले दोन महिने तिची मान आणि उजवा खांदा दुखतो आहे. ती ऑस्टिओपॅथीच्या उपचारांसाठी गेली, तर काय घडेल?

प्रथम तिची हकीकत विचारली जाईल. दुखणे कधी सुरू झाले, ते सकाळी वाढते की संध्याकाळी, हाताला मुंग्या येतात काय, पूर्वी कधी पडणे-झडणे झाले काय, ताप येतो काय, वजन घटले आहे काय, झोप लागते काय, असे अनेक प्रश्न असतील. तिच्या कामाची आणि बसण्याची रीतही विचारली जाईल. चांगल्या उपचारकाची पहिली भेट बरीचशी या बोलण्यातच जाते.

त्यानंतर तिला उभे करून, चालवून, वाकवून पाहिले जाईल. दोन्ही खांदे समान पातळीवर आहेत का, मान दोन्ही बाजूंना सारखी वळते का, हे तपासले जाईल. मग उपचारक बोटांनी स्नायू चाचपून पाहील. कोठे गाठ आहे, कोठे ताठरपणा आहे, कोणता सांधा मोकळा फिरत नाही, हे सरावलेल्या बोटांना कळते.

प्रत्यक्ष उपचारांचे अनेक प्रकार आहेत. आखडलेल्या स्नायूंवर सावकाश दाब देऊन त्यांना ताणणे, हा एक. सांधा हळूहळू सर्व बाजूंना फिरवून मोकळा करणे, हा दुसरा. तिसऱ्या प्रकारात रोग्याने उपचारकाच्या हाताला हलकासा प्रतिकार करायचा आणि मग अंग सैल सोडायचे असते. त्यामुळे ताठ झालेला स्नायू शिथिल होतो. कधी कधी सांध्याला छोटासा, वेगवान झटकाही दिला जातो. त्या वेळी ‘कट्’ असा आवाज येतो. निसटलेले हाड जागेवर बसल्याचा तो आवाज आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा निर्माण झाल्यामुळे तो आवाज येतो. आवाज आला म्हणजे उपचार झाला आणि न आल्यास वाया गेला, असे समजू नये.

शेवटी त्या स्त्रीला घरी करावयाचे सोपे व्यायाम दाखविले जातील. फुलांची टोपली उंचावर ठेवावी, दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, अशी सूचना मिळेल. वरवर पाहता ही सूचना किरकोळ वाटते. परंतु ज्या सवयीमुळे मान दुखू लागली, ती तशीच राहिली तर हाताने मिळालेला आराम फार काळ टिकत नाही.

उपयोग किती होतो?

कंबरदुखी हा जगभरचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना तिचा त्रास होता. त्यांपैकी बहुसंख्य लोकांच्या दुखण्यामागे एखादा विशिष्ट रोग सापडत नाही. अशा दुखण्यात औषधांइतकेच हालचालीला आणि धीर देण्याला महत्त्व असते.

याच संघटनेने २०२३ साली दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रोग्याला त्याच्या दुखण्याविषयी शिक्षण देणे, व्यायाम, मालिश आणि कण्यावरील हस्तोपचार यांचा तीत उपयुक्त उपायांमध्ये समावेश आहे. ब्रिटनच्या २०१६ सालच्या सूचनांनुसार मात्र असे हस्तोपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, एकट्याने नव्हे.

फ्रान्समधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात कंबरदुखीच्या ४०० रोग्यांचे दोन गट केले होते. एका गटाला ऑस्टिओपॅथीचे खरे उपचार आणि दुसऱ्याला केवळ वरवरचा स्पर्श, अशा प्रत्येकी सहा बैठका दिल्या. खऱ्या उपचारांच्या गटात दैनंदिन हालचालींतील अडचण थोडी अधिक कमी झाली. तथापि हा फरक इतका लहान होता, की तो रोग्याला जाणवेलच असे सांगता येत नव्हते. यावरून ऑस्टिओपॅथीचे योग्य मोल करता येते. कंबर, मान, खांदा यांच्या साध्या दुखण्यात तिने काही रोग्यांना आराम मिळतो, हालचाल मोकळी होते. पण ती चमत्कार करीत नाही.

मधुमेह, दमा, रक्तदाब, कर्करोग असे रोग हाडांवरील उपचारांनी बरे होतात, असा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. कवटीच्या हाडांना हलका स्पर्श करून रोग बरे करण्याचा एक प्रकारही या पद्धतीत आहे. त्यालाही भक्कम शास्त्रीय आधार मिळालेला नाही. कोणी अशा दाव्यांवर विसंबून चालू असलेली औषधे बंद केली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

हात कोठे थांबावेत

काही दुखण्यांत पाठीला वा मानेला दाब देणे धोक्याचे असते. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, पाठदुखीबरोबर ताप येणे, वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, पूर्वी कर्करोग झालेला असणे, ही लक्षणे असली तर आधी डॉक्टरांकडूनच तपासणी करून घ्यावी. आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे आहे आणि क्षय मणक्यालाही होतो. असा मणका आतून पोखरलेला असतो. त्याला झटका दिला तर मेरुरज्जूला इजा होऊन पाय लुळे पडू शकतात. उतारवयात हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींनाही झटक्याचे उपचार देऊ नयेत.

पायातील शक्ती कमी होत जाणे, जांघेचा व बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, ही लक्षणे दिसताच एक दिवसही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. अशा वेळी काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व आणू शकतो.

मानेला दिलेल्या जोराच्या झटक्यामुळे मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ती विरळ असली, तरी त्यांची जाणीव ठेवली पाहिजे. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेण्याची सवय याच कारणासाठी सोडून द्यावी.

हाड मोडल्याची शंका असेल, तर क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय कोणाकडूनही ते बांधून घेऊ नये. पट्टी फार आवळली गेली तर रक्तप्रवाह तुटतो. बोटे निळसर वा थंड पडली, बधिर झाली, वेदना असह्य झाली, तर पट्टी तत्काळ सोडवून रुग्णालयात जावे. या दुर्लक्षामुळे हात किंवा पाय कापून टाकावा लागल्याच्या घटना घडल्या आहेत.

निवड करताना

निरनिराळ्या देशांत ऑस्टिओपॅथीचे स्थान निरनिराळे आहे. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे पदवीधर हे शस्त्रक्रियेसह सर्व उपचार करण्याचा अधिकार असलेले पूर्ण डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये १९९३ सालच्या कायद्याने या व्यवसायाचे नियमन होते आणि नोंदणी नसलेल्याला स्वतःस ऑस्टिओपॅथ म्हणविता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या शिक्षणाचे मानदंड ठरविले. त्यांनुसार वैद्यकीय शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्याला ४,२०० तासांचे शिक्षण आवश्यक असून, त्यांपैकी किमान १,००० तास देखरेखीखाली रोगी तपासण्याचे असावेत.

भारतात ओडिशातील कटकजवळच्या श्री श्री विद्यापीठात ऑस्टिओपॅथीचा अभ्यासक्रम सुरू करण्यात आला. मात्र आयुष मंत्रालयाच्या कक्षेतील पद्धतींत ऑस्टिओपॅथी येत नाही आणि तिच्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषदही नाही. फिजिओथेरपीचा समावेश २०२१ सालच्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात झालेला आहे. त्यामुळे आपल्याकडे ऑस्टिओपॅथीचे उपचार घेताना चौकशीची जबाबदारी बऱ्याच अंशी रोग्यावरच येते.

ही चौकशी करण्यात संकोच मानू नये. आपले मूळ शिक्षण काय, ते कोठे व किती वर्षांचे झाले, असे उपचारकाला नम्रपणे विचारावे. किती बैठका लागतील आणि एकूण खर्च किती येईल, हे आधीच समजून घ्यावे. आपण काय करणार आहोत, हे उपचारकाने सांगितले पाहिजे आणि रोग्याची संमती घेतली पाहिजे. स्त्रियांनी इच्छा असल्यास सोबत घरची व्यक्ती ठेवावी. तीन-चार बैठकांनंतरही काहीच फरक पडत नसेल, तर तोच उपचार पुढे न रेटता पुन्हा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘हे माझे काम नाही, तुम्ही रुग्णालयात जा’ असे ज्याला वेळेवर सांगता येते, तो उपचारक विश्वासास पात्र समजावा.

खासगी उपचारांचा खर्च सर्वांना परवडतोच असे नाही. अशांनी निराश होण्याचे कारण नाही. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग असतो. अनेक ठिकाणी फिजिओथेरपीचीही सोय असते. साध्या पाठदुखीत पडून राहण्यापेक्षा सोसवेल तितकी हालचाल करीत राहणे हितावह असते, हे तर आता सर्वमान्य झाले आहे. त्यासाठी पैसा लागत नाही.

वेदना होत असलेल्या माणसाला कोणीतरी आपले म्हणणे ऐकून घ्यावे, दुखरी जागा हाताने तपासून पाहावी, असे वाटत असते. ऑस्टिओपॅथीने या मानवी गरजेला उपचारात मानाचे स्थान दिले, हे तिचे श्रेय होय. मात्र हाताच्या कौशल्याला ज्ञानाची आणि स्वतःच्या मर्यादेच्या जाणिवेची जोड असावी लागते. जे हात कोठे दाबावे हे जाणतात आणि कोठे थांबावे हेही जाणतात, तेच खरे जाणते हात. ते ओळखण्याची दृष्टी आपल्याला आली, की पाठीला उसण भरेल त्या दिवशी आपली पावले योग्य दाराकडे वळतील.